मुरबाडच्या शेळ्या, परळची प्रयोगशाळा आणि एका बोकडाची निवड

शेळ्यांच्या जंतांबद्दल मराठीत शोधलं की बहुतेक ठिकाणी दोन ओळींत काम आटपलेलं दिसतं: पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा जंतनाशक पाजा. पाजूनही शेळ्या खंगत असतील तर काय करायचं? लेंड्या कुठे तपासतात, कुणाचं पत्र लागतं, 'जंत न होणारी जात' खरंच असते का? याची उत्तरं मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली, त्यात दोन-तीन पावसाळे गेले. ती एका ठिकाणी लिहून ठेवतेय.

मी पशुवैद्य नाही. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. शेळ्या सासरी, मुरबाड तालुक्यात. पंचवीस आहेत आणि त्या माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या. बऱ्याचशा गावठी, काही उस्मानाबादी रक्ताच्या. मी शनिवार-रविवारची पाहुणी, पण वह्या, आकडे आणि शहरातली धावपळ माझ्याकडे. लिहिताना औषधांची नावं घेईन, मात्रा मुद्दाम लिहिणार नाही. ती वजनावर ठरते, मेंढीची शेळीला चालत नाही आणि गाभण जनावराचा हिशेब आणखी वेगळा असतो.

२०२३ ला अधिक श्रावण होता. जुलैच्या शेवटी कबरी नावाची शेळी कळपाच्या मागे राहायला लागली. खात होती, हगवण अजिबात नव्हती, त्यामुळे जंतांचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. शिवाय जूनमध्ये सगळ्यांना औषध पाजून झालेलं होतं. मग तिच्या जबड्याखाली मऊ सूज दिसायला लागली. दिवसभर मान खाली घालून चरून आली की संध्याकाळी वाढायची, सकाळी उतरायची. जाऊबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, हिच्या डोळ्यात रगत नाही." ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कबरी मेली. दुसरी एक त्याच वाटेवर होती.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, "पुरली का?" नव्हती पुरली. हे लक्षात ठेवा: जनावर मेलं की पुरण्याआधी फोन करा. शवविच्छेदन जितकं लवकर तितकं उपयोगाचं, पावसाळी हवेत तर काही तासांतच आतलं सगळं बिघडतं. डॉक्टर दुपारी आले. त्यांनी चौथं पोट, म्हणजे खरं जठर, उघडून दाखवलं. आत दोन-तीन सेंटिमीटरचे, लाल-पांढऱ्या पिळाच्या राखीच्या दोऱ्यासारखे जंत वळवळत होते. हिमोंकस कंटोर्टस. लाल रंग त्यांनी प्यायलेल्या रक्ताचा, पांढरा मादीच्या अंडाशयाचा, आणि दोन्ही एकमेकांभोवती गुंडाळलेले. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. ऐकायला काहीच नाही, पण हजार जंत असले की रोजचं ५० मिलिलिटर झालं. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असतं. पुढचा हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या केला आणि कबरीला हगवण न लागताही ती का गेली ते कळलं. जबड्याखालची सूज ही रक्तातली प्रथिनं संपल्याची खूण.

"औषध तर पाजलं होतं की," भाऊजी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, पाजलं होतं हे खरं, ते लागू पडलं का हे तपासायला हवं. तिथून खरं प्रकरण सुरू झालं.

लेंड्यांची नुसती तपासणी, म्हणजे अंडी आहेत की नाहीत एवढं, तालुक्याला होऊ शकते. आम्हाला हवी होती मोजणी: एक ग्रॅम लेंडीत किती अंडी, तीही प्रत्येक शेळीची वेगळी. डॉक्टरांनी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातला परोपजीवीशास्त्र विभाग सुचवला आणि पत्र दिलं. पत्रात मालकाचं नाव, गाव, जनावरांची संख्या, जात, वय, लक्षणं, याआधी कोणतं औषध कोणत्या तारखेला दिलं आणि कोणती तपासणी हवी हे सगळं होतं. औषधाची तारीख आणि बाटलीवरचं नाव आमच्याकडे कॅलेंडरवर खरडलेलं होतं म्हणून वाचलो. रिकामी बाटली फेकू नका, निदान लेबलचा फोटो काढून ठेवा.

पत्रात आणखी एक गोष्ट लिहून घ्या, कारण आपण होऊन कुणाच्या लक्षात येत नाही. मिठाच्या पाण्यात अंडी तरंगवून मोजतात ती पद्धत गोल जंतांसाठी. यकृतातल्या चपट्या कृमीची, म्हणजे फॅसिओलाची, अंडी जड असतात, ती तळाला बसतात. त्यासाठी गाळ बसवून तपासण्याची वेगळी पद्धत आहे. आमच्याकडे भातखाचरं, खाचरांत गोगलगायी, आणि चपट्या कृमीचं अर्धं आयुष्य गोगलगायीत जातं. कोकणपट्टीत शेळ्या असतील तर दोन्ही तपासण्या मागा.

नमुने घेण्याचं तंत्र डॉक्टरांनी शिकवलं. जमिनीवरच्या लेंड्या उचलायच्या नाहीत. एक तर त्या कुणाच्या ते कळत नाही, दुसरं म्हणजे मातीत स्वतंत्र जगणाऱ्या अळ्या त्यात शिरतात. हातात पिशवी उलटी घालून थेट गुदद्वारातून आठ-दहा लेंड्या घ्यायच्या, पिशवी सुलट करायची, हवा काढून गाठ मारायची, वर शेळीचा नंबर. थंड ठेवायचं, पण गोठवायचं नाही. उबेत ठेवलं तर अंडी दिवसभरात फुटायला लागतात आणि मोजणी खोटी येते. जाऊबाईंनी पकडायचं, मी लिहायचं, असं पहाटेपासून चाललं. मग एसटीने कल्याण आणि तिथून लोकल. मासे ठेवायचा थर्माकोलचा डबा, आत बर्फाच्या पिशव्या, वर लेंड्यांच्या पंचवीस पुड्या. सोमवारी सकाळचा लेडीज डबा काय असतो ते ठाणेकरांना सांगायला नको. दिवा स्टेशनला चढलेल्या एका बाईंनी डब्यावर पर्स टेकवत विचारलं, "पापलेट का?" मी हो म्हटलं.

परळचं महाविद्यालय १८८६ सालचं, बाई साकरबाई पेटीट पशुरुग्णालयाच्या आवारात. आत शिरल्यावर सगळ्यांच्या हातात कुत्री-मांजरं आणि माझ्या हातात हा डबा, त्यामुळे प्रत्येकाने आधी मला रुग्णालयाकडेच पाठवलं. विभागाचं नाव पत्रावर मोठ्या अक्षरात असू द्या. नमुने दुपारच्या आत पोचले तर बरं, आणि जाण्याआधी फोन करून दिवस, वेळ नि शुल्क विचारून घ्या. माझा शुल्कापेक्षा जास्त खर्च रजेवर झाला.

मोजणी लवकर मिळाली, पण पूर्ण अहवालाला दहा-बारा दिवस लागले. कारण असं की बऱ्याच गोल जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. त्यातला हिमोंकस किती हे ठरवायला लेंड्या ओलसर, उबदार ठेवून आठवडाभर अळ्या वाढवाव्या लागतात आणि मग अळ्या ओळखतात. बहुतांश अळ्या हिमोंकसच्याच निघाल्या. यकृतातल्या चपट्या कृमीची अंडी नव्हती. दोन शेळ्यांत पोटात राहणाऱ्या वेगळ्या चपट्या कृमीची होती.

मला हादरवलं ते आकड्यांच्या रांगेने. सरासरी ग्रॅममागे १,९०० च्या आसपास होती, पण सरासरीला काही अर्थच नव्हता. आठ शेळ्या ३०० च्या खाली. सहा शेळ्या ४,००० च्या वर. बेरीज केली तर एकूण अंड्यांतली सत्तर टक्क्यांहून अधिक त्या सहांचीच. एकच गोठा, एकच माळ, एकच चारा. डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. जगभर हेच आढळतं म्हणाले, कळपातली २० ते ३० टक्के जनावरं ७० ते ८० टक्के जंत बाळगतात. हिमोंकसची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. म्हणजे त्या सहाजणी रोज सगळ्या माळावर पेरणी करत फिरत होत्या.

आणि त्या सहांत तांबडी होती. तांबडी ही गोठ्याची शान. अंग चकाकतं, डोळा लाल, जुळी देते. तिच्या लेंडीत पाच हजारांच्या वर अंडी. काही जनावरं जंत वाढूच देत नाहीत आणि काही जंत अंगावर घेऊन मजेत राहतात, हे मला तेव्हा समजलं. दुसऱ्या प्रकारचं जनावर स्वतः मरत नाही, शेजारणीला मारतं. नुसत्या डोळ्याने या दोन्ही सारख्याच निरोगी दिसतात, म्हणून मोजणी.

पुढची पायरी औषधाची परीक्षा. अंडी जास्त असलेल्या बारा शेळ्या निवडल्या, ताणकाट्यावर टांगून वजन केलं (ताणकाटा आणि पोत्याचा झोळा, मिळून आठशे रुपये), डॉक्टरांनी वजनावर अल्बेंडॅझोलची मात्रा ठरवून समोर पाजली. दहा ते चौदा दिवसांच्या मध्ये पुन्हा नमुने, पुन्हा थर्माकोलचा डबा. या वेळी गणपतीचे दिवस, लोकलला त्याहून गर्दी. निकाल असा: त्या बारांची सरासरी ३,४०० होती ती १,२५० झाली. घट ६३ टक्के. ९५ टक्क्यांच्या खाली घट आली की जंत त्या औषधाला सरावलेत असं धरतात. म्हणजे बाटलीवर कंपनी कुठलीही असो, त्या गटातलं औषध आमच्या माळावरच्या जंतांवर निम्मंशिम्मंच चालत होतं.

जंत असे का सरावतात? आमच्या भागातली रीत अशी की अंदाजाने एकच माप सगळ्यांना, वर्षानुवर्षं एकाच गटाचं औषध. शेळीचं यकृत हे औषध मेंढीपेक्षा लवकर निकाली काढतं, त्यामुळे मेंढीच्या मापाने दिलं की अर्धवट पडतं. जे जंत अर्धवट मात्रेतून वाचतात त्यांचीच पुढची पिढी. सगळ्या शेळ्यांना एकाच दिवशी पाजलं तर माळावर फक्त वाचलेल्यांचीच अंडी पडतात. म्हणून बऱ्या शेळ्यांना औषध न देता सोडायचं, म्हणजे औषधाला बळी पडणारे साधे जंतही माळावर शिल्लक राहतात आणि सरावलेल्यांत मिसळतात. 'जंत शिल्लक ठेवायचे' हे जाऊबाईंच्या गळी उतरायला वेळ लागला. माझ्याही.

डॉक्टरांनी दुसऱ्या गटातलं क्लोसँटेल दिलं, तेही फक्त फिक्या डोळ्याच्या आणि अंडी जास्त असलेल्या शेळ्यांना. पुढच्या मोजणीत बहुतेक शून्य, दोघींच्या ५०. डोळा बघायला त्यांच्याकडे फामाचाचं कार्ड होतं. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान नावाच्या पशुवैद्याच्या कल्पनेतून निघालेलं, त्याच्याच नावावरून त्याचं नाव. लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच रंग, चौथ्या-पाचव्याला औषध, पहिल्या-दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला परिस्थिती पाहून. उघड्या उजेडात बघायचं, गोठ्याच्या अंधारात नाही. कार्ड रक्त पिणाऱ्या जंतापुरतंच आहे. गोचिडांनी किंवा चपट्या कृमीनेही डोळा फिका पडतो. जाऊबाई कार्डाशिवाय बघतात आणि डॉक्टरांशी त्यांचं क्वचितच वेगळं पडतं. मी बघते तेव्हा मला सगळ्या तिसऱ्याच वाटतात.

दिवाळी झाली आणि माळशेज उतरून मेंढरं आली. दरवर्षी येतात, कापलेल्या खाचरांत बसवतात, रात्रीचं खत शेतकऱ्याला आणि धनगरांना धान्य किंवा पैसे. एका आजींशी मी मुद्दाम बोलायला गेले. त्यांना जंतांविषयी विचारलं तर म्हणाल्या, "बाई, आम्ही पावसाच्या आत वर जातो. हितं पावसाळा काढला तर मेंढरं राहतील का?" डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, दख्खनी मेंढीचं अर्धं जंतनियंत्रण या वाटचालीत आहे. अळी ओलाव्यात, गवताच्या बुडाशी जगते. कोरड्या उन्हात मरते. कळप कोरड्याच्या मागे फिरत राहिला की अळीशी गाठ कमी. आमच्या शेळ्या मात्र आषाढात खाचराच्या बांधावर, नेमक्या अळीच्या तोंडाशी.

तेव्हापासून शेळ्या दव आणि पाऊस ओसरल्यावर सोडतो, बांधाऐवजी झुडपांकडे. शेवरी, उंबर, सुबाभूळ असा पाला गोठ्यात उंच बांधतो. अळ्या बहुतेक गवताच्या खालच्या दोन इंचांत असतात, त्यामुळे मान वर करून खाणारी शेळी वाचते. शेळी मुळात पालाखाऊच. गवतखाऊ मेंढीइतकी जंतांशी झुंजण्याची ताकद तिच्यात तयार झालेली नाही.

त्या हिवाळ्यात घरात जातीचा विषय निघाला. नवऱ्याला कुणीतरी सांगितलं होतं की अमुक जात आणा, रोगच होत नाही. नवी मुंबईकडच्या एका विक्रेत्याने बोअर या परदेशी जातीच्या शेळीच्या पिल्लांचा भाव पाठवला आणि खाली लिहिलं होतं 'फुल रेझिस्टन्स'. मी रोज रात्री जेवणानंतर वाचत बसले. बोअर वजनाला जबरदस्त आहे, प्रश्नच नाही. पण अमेरिकेत टेनेसी राज्य विद्यापीठात बोअर, किको आणि स्पॅनिश शेळ्या एकत्र सांभाळून पाहिल्या तेव्हा त्या दमट हवेत जंतांनी सर्वांत जास्त त्रासलेल्या बोअरच होत्या. किको म्हणजे न्यूझीलंडच्या रानटी झालेल्या शेळ्यांपासून घडवलेली जात. विक्रेत्याला हे पाठवलं. त्याने निळी खूण दाखवली, उत्तर नाही.

जातीजातींत फरक असतो हे मात्र खरं. केनियाची रेड मसाई मेंढी हिमोंकसला पुरून उरते म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याकडे सुंदरबनातली गॅरोल. सतत ओल्या, चिखलाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जी टिकली तीच उरली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गॅरोल आणून दख्खनीशी संकर केला, तो मुख्यतः तिच्यातल्या जुळी-तिळी देणाऱ्या जनुकासाठी. त्याच कामात जंतांचीही मोजणी झाली आणि गॅरोल रक्ताच्या कोकरांत अंडी कमी आढळली. पण गॅरोल एवढीशी असते, मोठी मेंढी दहा-पंधरा किलोची. प्रतिकार फुकट मिळत नाही, वजनात किंमत मोजावी लागते. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. बाहेरची जात न आणता मालपुरा आणि अविकालीन मेंढ्यांतच अंड्यांच्या मोजणीवर निवड करून कमी जंतांची आणि जास्त जंतांची अशा दोन वेगळ्या रांगा चालवल्या.

हे वाचलं आणि माझा विषय संपला. कमी अंड्यांच्या आठ शेळ्यांची आमची रांग घरातच उभी होती. कोकणासाठी कोकण कन्याळ घ्या असंही बऱ्याच जणांनी सुचवलं. सिंधुदुर्गाकडची जात, जोरदार पावसाच्या हवेत रुळलेली. वाईट सल्ला नाही. पण पावसात टिकणं वेगळं आणि जंत कमी ठेवणं वेगळं, आणि दुसऱ्याचा आकडा आपल्याकडे नसतो. विकत घेणार असाल तर आईच्या लेंडीची मोजणी मागून बघा. विक्रेता कसा बघतो तेवढ्यावरूनही बरंच कळतं. आणि नवी शेळी आणलीच तर निदान तीन-चार आठवडे वेगळी बांधा, तपासा, मगच कळपात सोडा. नाहीतर दुसऱ्याच्या माळावरचे सरावलेले जंत विकत घेतल्यासारखं होतं.

जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांचा एक सूक्ष्मदर्शक घेतला, पाच-सहा हजारांचा. मॅकमास्टर स्लाइड, म्हणजे अंडी मोजायची चौकटी आखलेली काच, ऑनलाइन दोन हजारांच्या आत मिळाली. चार ग्रॅम लेंड्या, ५६ मिलिलिटर मिठाचं पाणी (लिटरला चारशे ग्रॅम मीठ, तळाला थोडं विरघळायचं राहीपर्यंत), चहाची गाळणी, पाच मिनिटं थांबायचं आणि दोन्ही चौकटींतली अंडी मोजून ५० ने गुणायचं. गाळणीला लाल दोरा बांधून ती वेगळी ठेवलीय. सुरुवातीला हवेचे बुडबुडेही अंडी म्हणून मोजले जातात, सगळ्यांचंच होतं. काही नमुने अर्धे परळला, अर्धे घरी असं करून हात बसवला.

मग आला जून. १७ जूनला बकरी ईद होती आणि १ जूनपासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद. बारा अंकी बिल्ला दवाखान्यातून मारून देतात, मालकाच्या मोबाइल नंबरावर नोंद होते. ईदच्या तोंडावर सगळा तालुका रांगेत असतो, त्यामुळे हे काम बरंच आधी उरकून घ्या. बिल्ल्याचा आम्हाला वेगळाच फायदा झाला. वहीत 'मोरीची मोठी पाठ' (मोरी नावाच्या शेळीची थोरली मादी करडू) असं लिहायचं थांबलं, शेवटचे चार अंक पुरतात.

गोठ्यात सोळा-सतरा महिन्यांचे दोन बोकड होते. राजा, पांढरा-तपकिरी, ४६ किलो, रस्त्याने नेला तर लोक थांबून बघायचे. आणि काळू, मोरीचा, ३३ किलोचा, दिसायला यथातथा. पावसाळ्यातल्या तिन्ही मोजण्यांत राजा तीन हजारांच्या आसपास, मध्ये औषध देऊनही. काळू ४०० च्या वर कधी गेला नाही आणि त्याला औषध लागलंच नाही. त्याची आई मोरी त्या आठांतली. कल्याणच्या व्यापाऱ्याने राजाचे एकोणतीस हजार सांगितले, काळूचे सोळा. भाऊजींचं म्हणणं सरळ होतं: छोटा विका, मोठा पैदाशीला ठेवा, बाप तसा पोर. गावातही तेच मत. मी वही काढली, तर सासूबाई म्हणाल्या, "बोकड वहीत बघून ठेवतात होय?"

निकाल जाऊबाईंनी लावला. त्या म्हणाल्या, राजाला पावसाळ्यात औषध मीच पाजते, त्याची पोरं झाली तर त्यांनाही मलाच पाजावं लागेल. राजा गेला. (विकायच्या जनावराला औषध दिलं असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय कापायला देऊ नका. त्याला महिनोन्‌महिने औषध नव्हतं.) काळू राहिला. एक अडचण उरली, मोरी आणि तिच्या पाठी काळूच्या आई-बहिणी. त्या शेजारच्या वाडीतल्या बोकडाकडे नेल्या, त्या बोकडाची लेंडी आधी मोजून. त्याचा मालक अजून आमच्याकडे विचित्र नजरेने बघतो.

पावसाळ्यात गाभण गेलेल्या शेळ्या डिसेंबरपर्यंत व्यायल्या. विण्याच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचा दीड-दोन महिना शेळीची ताकद दुधात जाते, तेव्हा अंडी एकदम चढतात. या काळात पेंडीचा खुराक वाढवला की फरक पडतो. जानेवारी २०२५ मध्ये करडांना रक्ताची हगवण लागली आणि पुन्हा सगळे जंतनाशकाकडे धावले. ते जंत नव्हते, कॉक्सिडिया होता. एकपेशीय जीव, जंताचं औषध त्याला लागू नाही, वेगळं देतात. दीड-दोन महिन्यांच्या करडांना, दाटीत आणि ओल्या जमिनीवर हमखास होतो. माचा उंच केला, फळ्यांत फटी ठेवल्या, म्हणजे लेंड्या खाली पडतात. सुताराचे साडेनऊ हजार झाले. सगळ्या प्रकरणात एका वेळचा सर्वांत मोठा खर्च हाच आणि मला विचाराल तर सर्वांत सार्थकी लागलेला.

काळूच्या अकरा करडांची मोजणी २०२५ च्या भाद्रपदात केली. सात करडं ५०० च्या आत, दोन मधली, आणि उरलेली दोन एक हजाराच्या वर. यावरून काळूने जादू केली म्हणता येत नाही. माळ बदललाय, माचा बदललाय, आणि अंड्यांच्या संख्येतला साधारण पाव हिस्साच आई-बापांकडून उतरतो असं अभ्यास सांगतात. डॉक्टरांच्या मते चित्र दिसायला तीन-चार पिढ्या लागतील. माझ्या वहीत सध्या एवढंच आहे की २०२३ ला जूनमध्ये सगळ्या कळपाला औषध पाजलं होतं, २०२५ ला पावसाळाभर मिळून सात जनावरांना लागलं, आणि मेलं कुणी नाही. एक हजाराच्या वरच्या दोन करडांपैकी एक नर आहे, तो पुढच्या ईदला जाईल. दुसरी पाठ तांबडीची आहे, दिसायला अगदी तिच्यासारखी, आणि तिच्यावरून घरात अजून एकमत नाही.

शेजारच्या वाडीतले दोघे-तिघे आता काळूला मागायला येतात. जाऊबाई पैसे घेत नाहीत. त्या म्हणतात, आधी तुझ्या शेळ्यांच्या लेंड्या आण, नंबर घालून, जमिनीवरच्या नकोत.